भोकांची भाषा: सरकारी टोचलेली तिकिटं आणि त्यांची पारख

लग्नात आहेर आलेल्या पातेल्यावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं असतं ना, तिथून सुरुवात करू. ते नाव शोभेसाठी नसतं. पातेलं शेजारी गेलं, कार्यालयात गेलं, पंगतीच्या गर्दीत हरवलं, तरी कुणाचं ते कळावं म्हणून असतं. ‘हे माझंच’ असं दुसऱ्या कुणाला म्हणता येऊ नये, एवढाच त्या ठिपक्यांचा हेतू.

टपाल तिकिटांवरही कधीकाळी असंच नाव घालत असत, फक्त ते आरपार भोकांनी. आज ऑनलाइन लिलावात एखादं शंभर वर्षांपूर्वीचं ऑस्ट्रेलियन तिकीट दिसतं, मधोमध चाळणी झालेलं, आणि खाली किंमत वाचून माणूस चष्मा पुसतो. भोकं पडलेल्या कागदाला इतके पैसे? शेजारी तसंच दुसरं तिकीट असतं, त्यालाही तशीच भोकं, आणि वर्णनात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ‘भोकं बनावट’. मग तर डोकंच चालेनासं होतं. भोकासारखं भोक, त्यात अस्सल काय नि बनावट काय?

लहानपणी मी स्वतः अशी तिकिटं ‘खराब’ म्हणून वेगळी काढून धाकट्या भावंडांना खेळायला दिली आहेत. तेव्हा हा लेख थोडा प्रायश्चित्ताचाही आहे.

आधी दोन शब्द

तिकिटाच्या कडेला जे दाते असतात, तेही मुळात भोकांचेच. ओळीने भोकं पाडायची म्हणजे तिकीट सहज फाडता येतं. ती भोकं इथे आपला विषय नाहीत. आपला विषय आहे तो तिकिटाच्या अंगात, चित्राच्या मध्यावर, अक्षरांच्या आकारात पाडलेल्या भोकांचा. अशा तिकिटाला संग्राहक ‘पर्फिन’ म्हणतात. हे काम खासगी कंपन्यांनीही केलं आणि सरकारांनीही. सरकारने केलं की ते टोचलेलं सरकारी तिकीट. आणखी एकच शब्द लागेल: ‘कव्हर’, म्हणजे तिकीट, शिक्के, पत्ता सगळं जागच्या जागी असलेलं जुनं पाकीट.

ही युक्ती रुळली इंग्लंडात. तिथल्या कचेऱ्यांत टपालासाठी तिकिटांचे गठ्ठे आणून ठेवत आणि त्यातली काही रोज कारकुनांच्या खिशात जात. तिकीट म्हणजे जवळपास रोख रक्कमच. न वापरलेली तिकिटं थोडी वजावट करून टपाल कचेरीही परत घेई. लंडनचा जोसेफ स्लोपर भोकं पाडायची यंत्रं बनवत होता. मालकाची आद्याक्षरं तिकिटावर टोचायची परवानगी 1868 मध्ये टपाल खात्याने दिली आणि चोरीच्या तिकिटाला गिऱ्हाईक मिळेना. ही टूम आपल्याकडेही आली. मुंबई-कलकत्त्याच्या पेढ्या, बँका आणि रेल्वे कंपन्या यांची टोचलेली तिकिटं आजही जुन्या पत्रव्यवहारात सापडतात.

सरकार स्वतःच्याच पोस्टाला पैसे का देतं?

हा प्रश्न हमखास येतो. पोस्ट सरकारचं, पत्र सरकारचं, मग तिकीट कशाला? एका खिशातून काढून दुसऱ्यात घालायचं?

घरातलं उदाहरण घ्या. एकत्र कुटुंबाचं किराणा दुकान आहे. घरच्यांनी दुकानातून साखर नेली आणि वहीत लिहिलंच नाही, तर महिनाअखेरीस दुकान तोट्यात दिसतं. पोस्टाचंही तसंच. शेतकी खातं, जकात खातं, न्यायालयं यांची पत्रं फुकट वाहिली तर पोस्टाचा खरा हिशेब कधीच लागत नाही, आणि फुकट आहे म्हटल्यावर खातीही वाटेल तेवढी पत्रं लिहितात. म्हणून खात्याने आपल्या तरतुदीतून तिकीट घ्यायचं. आणि ते घरच्या पत्राला लागू नये म्हणून त्यावर खूण करायची.

खूण शाईचीही चालते. भारतात 1866 मध्ये नेहमीच्या तिकिटांवर ‘सर्व्हिस’ हा शब्द छापला गेला. पुढे अशोकस्तंभाच्या सिंहांची ‘सर्व्हिस’ तिकिटं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापली गेली. आपल्या पिढीने ती सरकारी खाकी लिफाफ्यांवर शेकड्यांनी पाहिली आहेत. दक्षिण ऑस्ट्रेलियाने तर 1868 ते 1874 या काळात कमाल केली. जवळपास प्रत्येक खात्याची वेगवेगळी आद्याक्षरं तिकिटावर छापली. त्यात कोणतं अक्षर कोणत्या खात्याचं, हे शोधण्यात संग्राहकांची आयुष्यं गेली.

शाईचा एक दोष आहे, ती पुसता येते. भोक पुसता येत नाही. निदान तसं वाटतं खरं. त्याकडे पुढे येऊच.

कांगारूच्या अंगावरचं ‘ओएस’

सगळ्या देशांच्या टोचलेल्या तिकिटांचा पसारा मांडत बसलो तर कुणाच्याच हाती काही लागणार नाही. एकच देश धरू.

ऑस्ट्रेलियातल्या सहा वसाहती 1 जानेवारी 1901 रोजी एकत्र आल्या, पोस्टही केंद्राकडे गेलं, पण तिकिटं मात्र जुन्या वसाहतींचीच चालू राहिली. साऱ्या देशाचं पहिलं तिकीट निघायला 2 जानेवारी 1913 उजाडला. अँड्र्यू फिशर यांच्या मजूर पक्षाच्या सरकारने त्यावर इंग्लंडच्या राजाऐवजी देशाचा नकाशा आणि त्यात उभा कांगारू ठेवला. राजनिष्ठ मंडळी खवळली, ते निराळं. अर्ध्या पेनीपासून दोन पौंडांपर्यंत एकूण 15 किमतींची ही मालिका. साधं पत्र तेव्हा एका पेनीत देशभर जाई. एका पौंडाच्या 240 पेन्या, म्हणजे दोन पौंडांच्या एका तिकिटात 480 पत्रं! असा ऐवज टेबलावर पडलेला असताना सरकारने खूण न करणं शक्यच नव्हतं.

म्हणून याच तिकिटांवर ‘ओ’ आणि ‘एस’ ही दोन अक्षरं टोचली गेली: सरकारी सेवेची खूण. 1913 मध्ये ही अक्षरं मोठी होती, तिकिटाच्या चेहऱ्याची पार जाळी करणारी. 1914 पासून लहान अक्षरांचा साचा आला. संग्राहकाच्या बोलीत ‘मोठं ओएस’ आणि ‘लहान ओएस’. कांगारू, मग राजा पाचवा जॉर्ज, सगळ्यांच्या अंगातून हे ‘ओएस’ गेलं. 1931 मध्ये टोचण्याऐवजी ‘ओएस’ छापायला सुरुवात झाली आणि 1933 मध्ये तेही बंद पडलं.

राज्य सरकारांची आणखी वेगळी तऱ्हा. केंद्राचं ‘ओएस’ ते केंद्राचं. न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया, टास्मानिया यांनी आपापली अक्षरं टोचली. टास्मानियाचं नुसतं ‘टी’, व्हिक्टोरियाचं ‘व्हीजी’. नवख्या माणसाला ही सगळी ‘ओएस’चीच भावंडं वाटतात, पण कुंडली निराळी.

फाटकं तिकीट आणि सरकारी तिकीट, फरक काय?

खरं सांगायचं तर बराच काळ संग्राहकांनीही फरक केला नाही. तिकीट कसं हवं? कोरं, स्वच्छ, एकही दाता न तुटलेलं. त्या शिस्तीत वाढलेल्या माणसाला मधोमध भोकं म्हणजे अपघातच. टोचलेली तिकिटं कचऱ्याच्या टोपलीत गेली, पोरांच्या हाती गेली, किंवा मिश्र पाकिटांत किलोच्या भावाने विकली गेली.

पुढे कुणीतरी विचारलं, की ही भोकं पाडली कुणी, का, आणि कोणत्या यंत्राने? आणि दोष होता तोच दस्तऐवज झाला. एखाद्या किमतीचं ‘मोठं ओएस’ जेमतेम वर्षभर वापरात होतं, आणि त्यातलं बहुतेक नष्ट झालं, हे कळल्यावर भाव बदलले. जिथे भाव बदलतात तिथे उद्योगी माणसं पोहोचतातच.

गंमत म्हणजे लबाडी दोन्ही दिशांनी चालते. एखाद्या साध्या तिकिटाचा भाव कमी आणि टोचलेल्याचा जास्त असेल, तर भोकं पाडली जातात. मोठ्या किमतीच्या काही कांगारूंच्या बाबतीत उलटं असतं, बिनभोकाचं कोरं तिकीट लाखमोलाचं आणि टोचलेलं त्यामानाने स्वस्त. तिथे कागदाचा लगदा भरून भोकं बुजवतात, वरून रंग लावतात, मागे नव्याने डिंक फासतात. न पुसता येणारी खूण पुसायचीच म्हटल्यावर माणूस किती चिकाटीने बसतो, याचा हा नमुना.

‘भोक पाडायला काय अक्कल लागते?’

इथे खरा मुद्दा सुरू होतो. एक भोक पाडायला अक्कल लागत नाही. पण ठराविक यंत्राची पंचवीस-तीस भोकं, त्याच अंतरावर, त्याच तिरपेपणाने पाडायला फार लागते.

चकलीचा सोऱ्या आठवा. ताटलीच्या चांदणीचा एक कोपरा जरा दबलेला असेल, तर त्या घरच्या प्रत्येक चकलीला तोच काटा बोथट येतो. दिवाळीच्या फराळाच्या ताटांची अदलाबदल झाली तरी आजी सांगते, ‘ही आपली नव्हे.’ टोचण्याच्या यंत्रातही ओळीने पोलादी पिना असतात आणि खाली तेवढ्याच भोकांची पट्टी. एखादी पिन केसभर डावीकडे सरकलेली, एखादी बाकीच्यांपेक्षा बारीक, एखादी तुटलेली. तुटलेल्या पिनेच्या जागी कागद अर्धवट दबतो किंवा तसाच राहतो. या खोडी प्रत्येक तिकिटावर उमटतात. म्हणून पारखी भोकं मोजून थांबत नाही. तो यंत्राच्या खोडी शोधतो.

पद्धत साधी आहे. ज्याच्या अस्सलपणाबद्दल वाद नाही असं तिकीट, शक्यतो तारखेच्या शिक्क्यासह कव्हरवरचं, घ्यायचं. त्याची बारीक तपशिलाची प्रतिमा काढायची. शंकास्पद तिकिटाचीही तशीच काढून एकावर एक ठेवायची. पूर्वी हे पारदर्शक कागदावर ठिपके गिरवून करत, आता स्कॅनर आहे. ‘एस’च्या पोटातला एक ठिपका जुळला नाही तर घाई करू नये, कागद ओला होऊन ताणला गेला असेल. पण चार-पाच ठिपके चार-पाच दिशांना पळत असतील तर यंत्र दुसरं.

कॅनडाचं उदाहरण इथे फार उपयोगी पडतं. तिथल्या अर्थखात्याने 1923 पासून ‘ओएचएमएस’, म्हणजे ‘राजाच्या सेवेत’, ही अक्षरं टोचली. सुरुवातीच्या यंत्रात ‘एच’ या अक्षराच्या उभ्या काठीत पाच भोकं होती, नंतरच्या यंत्रात चार. संग्राहक आजही ‘पाच भोकांचं’ नि ‘चार भोकांचं’ असंच म्हणतात. 1929 च्या ‘ब्लूनोज’ या शिडाच्या जहाजाच्या 50 सेंटी तिकिटासारख्या देखण्या तिकिटावर पाच भोकांचं ‘ओएचएमएस’ दिसलं की अनुभवी माणूस आनंदी होण्याआधी भिंग काढतो.

उलटं टोचलेलं म्हणजे दुर्मीळ?

विक्रेते ‘अक्षरं उलटी!’ असं ठळक लिहितात. थांबा जरा. झेरॉक्सच्या ट्रेमध्ये कागद किती तऱ्हांनी घालता येतो? सरळ, आडवा, उलटा, दुसऱ्या बाजूने आडवा: चार. मग कागद पालथा करून पुन्हा चार. एकूण आठ. तिकिटांचा ताव यंत्रात घालणारा माणूस दिवसभर तेच काम करत होता. अक्षरं कुठून वाचता येतात याची त्याला फिकीर नव्हती. त्यामुळे आठही तऱ्हा सापडू शकतात, आणि कॅनडाच्या अभ्यासकांनी तर त्यांना ए ते एच अशी अक्षरं देऊन टाकली आहेत. एखाद्या तिकिटाची एखादी तऱ्हा खरोखर कमी मिळते हे खरं. पण अंगठ्याने ताव फिरवून जी ‘दुर्मीळता’ तयार होते, ती बनावट यंत्रवाल्यालाही फिरवता येते, हेही तितकंच खरं.

आधी काय, भोक की शिक्का?

मला स्वतःला सगळ्यात आवडणारी कसोटी ही. ती समजायला भिंग पुरतं.

सरकारी तिकीट आधी टोचलं जाई, मग लिफाफ्यावर चिकटवलं जाई, मग पोस्टात त्यावर शिक्का बसे. हा क्रम बदलूच शकत नाही. लबाड माणूस मात्र बहुतेक वेळा शिक्का बसलेलं जुनं, स्वस्त तिकीट घेतो आणि त्यावर आज भोकं पाडतो. म्हणजे क्रम उलटा झाला.

शिक्क्याची काळी रेघ जिथे भोकावरून जाते ती जागा दहापट मोठी करून पाहा. भोक आधीचं असेल तर शाई त्याच्या काठावर साकळते, आतल्या कडेच्या तंतूंतही शिरते. भोक नंतरचं असेल तर काळ्या रेघेच्या मधोमध कापल्यासारखी पांढरी कड दिसते, कारण कागदाचा आतला भाग शाईने कधी पाहिलेलाच नसतो. शंभर वर्षं हवेत राहिलेली कड जराशी मळकट असते. परवा कापलेली कड कापूस पिंजल्यासारखी.

कोऱ्या तिकिटाला शिक्का नसतो, तिथे मागचा डिंक बोलतो. अस्सल तिकिटात डिंक आधी, भोक नंतर. म्हणून भोकाच्या आत डिंक उतरलेला नसतो. तिकीट टोचून मग नवा डिंक लावला असेल तर तो भोकांच्या काठावरून आत ओघळतो. बुजवलेल्या भोकांसाठी अतिनील दिवा धरतात. जुना कागद आणि भरलेला लगदा त्या उजेडात सहसा वेगवेगळे चमकतात, आणि चेहऱ्यावर देवीचे वण दिसावेत तसे गोल डाग उभे राहतात.

पंचांग पाहावंच लागतं

यंत्र जुळलं, शिक्का जुळला, तरी तारीख उरतेच. तिकिटाच्या कागदात जलचिन्ह असतं, उजेडात धरल्यावर दिसणारी फिकट नक्षी. कांगारूंच्या कागदाचं जलचिन्ह 1913 नंतर अनेकदा बदललं. ‘मोठं ओएस’ हे 1913 चं बाळ. ते 1929 च्या जलचिन्हाच्या कागदावर दिसलं तर नातवाच्या बारशाला पणजोबा पाळण्यात, अशातली गत. तसंच सिडनीच्या पुलाचं. तो 19 मार्च 1932 रोजी खुला झाला. त्याच्या दोन आणि तीन पेनीच्या तिकिटांवर केंद्राचं ‘ओएस’ छापलेलं मिळतं. त्यावर कुणी केंद्राचं टोचलेलं ‘ओएस’ दाखवू लागला, तर पैसे काढण्याआधी पुरावा मागावा. राज्य सरकारांची भोकं असतील तर गोष्ट वेगळी.

प्रमाणपत्र म्हणजे हमी का?

नाही. ते मत आहे. पण जाणकारांचं, लेखी आणि फोटोसकट. लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीची तज्ज्ञ समिती 1894 पासून हे काम करते. ऑस्ट्रेलियन तिकिटांसाठी व्हिक्टोरियाच्या रॉयल सोसायटीचं मत वजनदार मानतात, कॅनडासाठी टोरोंटोच्या ग्रीन फाउंडेशनचं. डॉक्टरांप्रमाणे समित्याही मत बदलतात. एखाद्या यंत्राची नवी माहिती पुढे आली की जुन्या प्रमाणपत्राला तेवढं मोल राहत नाही. म्हणून त्यावरची तारीख पाहायची, आणि फोटोतले दाते हातातल्या तिकिटाच्या दात्यांशी एकेक करून ताडायचे. अस्सल प्रमाणपत्राबरोबर भलतंच तिकीट विकणं, हाही एक धंदा आहे.

प्रत्येक तिकीट पाठवायचं का? नाही हो. एक-दोन पेनीच्या सामान्य ‘लहान ओएस’ला प्रमाणपत्राचा खर्च तिकिटापेक्षा जास्त. ती घ्या, जमवा, त्यांच्यावरच डोळा तयार होतो. शे-दोनशे अस्सल साधी तिकिटं भिंगाखालून गेली की बनावट भोक ‘वेगळं’ दिसायला लागतं. का ते सांगता येत नाही, नंतर सापडतं.

जिथे भिंगही हरतं

एक जागा अशी आहे की तिथे वरच्या बहुतेक कसोट्या लुळ्या पडतात. पश्चिम ऑस्ट्रेलियाची वसाहत, तिकिटावर काळा राजहंस. 1862 ते 1886 या काळात तिथे सरकारी कामाच्या तिकिटाला अक्षरं वगैरे काही नाही, फक्त एक गोल भोक. आधी साधारण 3 मिलिमीटरचं, नंतर 4 मिलिमीटरचं. ही तिकिटं वापरणाऱ्यांत लष्करी रसद खातं होतं आणि इंग्लंडहून पाठवलेल्या कैद्यांचं खातंही होतं.

एका भोकाला खोड नसते. अंतर नाही, तिरपेपणा नाही, तुटकी पिन नाही. कुठल्याही कचेरीतला कागद टोचायचा पंच घेऊन ते पाडता येतं, आणि पाडलेलं आहे. अशा सुट्या तिकिटाबद्दल कुणी छातीठोकपणे बोलू लागलं की मी विषय बदलतो. इथे आधार एकच, कव्हर. कोणत्या खात्यातून, कुणाला, कोणत्या तारखेला, हे सगळं पाकिटावर हवं.

म्हणून जुन्या ट्रंकेत, वखारीच्या कागदांत, परदेशी गेलेल्या कुणा आजोबांच्या पत्रांत भोकांचं तिकीट लावलेलं पाकीट सापडलं, तर ते पाण्यात बुडवून तिकीट सोडवायची सवय आवरा. आपल्याकडे रांगोळीचा भोकाभोकांचा कागद मिळतो. तो जमिनीवर ठेवून वरून हात फिरवला की खाली ठिपके उमटतात. पोस्टातल्या माणसाने शिक्का मारला तेव्हा नेमकं तेच झालेलं असतं. तिकिटाच्या भोकांतून शाई खाली उतरते, आणि तिकिटाआडच्या लिफाफ्यावर शिक्क्याच्या वाट्याला आलेले ठिपके पडून राहतात.

तिकिटाला हात न लावता भोकांतून आत पाहिलं तरी ते दिसतात.